शिसवाची जोडी

आळे गावात लेथवाला भागुजी कुठं राहतो म्हणून विचारलं, की कुणीही शेडपर्यंत नेऊन सोडायचं आणि जाताजाता सांगायचं, "मोठ्यानं बोला, भाऊंना ऐकू येत नाय." भागुजीची मात्र समजूत अशी, की ही गोष्ट घर आणि चार जवळची माणसं सोडून कुठं गेलेलीच नाही. घरात तिघं. तो, बायको द्रौपदा आणि धाकटी मुलगी कल्याणी. थोरली तेजस्विनी पिंपरी पेंढारला दिलेली. तिचा फोन आला की भागुजी पाच मिनिटं 'हां, हां' करायचा, फोन ठेवायचा आणि मग कल्याणीला विचारायचा, "काय म्हणत व्हती?" फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलेला असायचा, की काय म्हणत होती ते तोवर अर्ध्या आळीला कळलेलं असायचं.

बहिऱ्या माणसानं लाकूड कातायला काय हरकत, असं कुणालाही वाटेल. पोळपाट, लाटणी, बाजेचे पाय, यांना कान लागत नाही. फुलदाणीला लागतो. तिची मान दोन बोटांची आणि पोट नारळाएवढं. ती लेथवर गरागरा फिरत असताना मानेतून वाकडी पटाशी आत घालायची आणि पोट आतून कोरत न्यायचं. आत डोळा पोचत नाही, बोट पोचत नाही. लाकूड किती उरलं ते आवाजावरून ओळखायचं. आधी आवाज घोगरा येतो, कोरत जाल तसा मोकळा होत जातो, आणि भिंत भाकरीच्या जाडीची उरली की एकदम बारीक होतो. तिथं थांबायचं. जो थांबला नाही त्याच्या हातात फुलदाणी राहत नाही, तुकडे राहतात.

मग ठेवा की जाड, कुणी कान धरलाय, असंही कुणी म्हणेल. जाड ठेवलेली फुलदाणी दोन उन्हाळ्यांत तडकते. शिवाय भागुजीचे उस्ताद, जुन्नरचे दस्तगीरचाचा, जाड फुलदाणीला भोक पाडलेलं मुसळ म्हणायचे. उचलणाऱ्याला वाटलं पाहिजे की हात रिकामाच वर आला, अशी त्यांची शिकवण. "डोळा खोटं बोलतो, बोट लाच खातं," ते म्हणायचे. "कान तेवढा इमानदार. त्याचंच ऐकायचं, बेटा." म्हातारपणी चाचांचेही कान गेले, पण तोवर त्यांनी लेथ सोडला होता. भागुजीला सोडायचा कसा, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी लागोपाठ तीन फुलदाण्या फुटल्या तेव्हा घरात पळापळ झाली. पुण्याहून कानाचं मशीन आणलं. त्यात पटाशी, लेथचा पट्टा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळं एकाच भावानं ऐकू यायचं. भागुजीनं ते दोन दिवस घातलं आणि परत डबीत ठेवलं. मग द्रौपदाला शेजारी उभं केलं. ती प्रत्येक आवाजाला दचकून नवऱ्याला हलवायची, कांद्याची पिकअप गेली तरी. शेवटी कल्याणी उभी राहिली. नळाखाली हंडा लावला की तो भरत आल्याचं तिला घरात बसून कळायचं. पाणी गळ्याशी आलं की आवाज बारीक होतो. लाकडाचंही तसंच निघालं.

तेव्हापासून भागुजी पोट कोरायला बसला, की ती त्याच्या डाव्या खांद्यावर चार बोटं टेकवून मागं उभी राहायची. आवाज बारीक झाला की एक चापट. चापट पडली की त्याचा हात जागच्या जागी थांबायचा. ही सवय इतकी मुरली, की एकदा जेवताना भाकरी वाढू का म्हणून विचारायला तिनं खांद्यावर चापट मारली, तर घास तोंडाशी जाऊन तसाच थांबला. द्रौपदा हसून हसून बेजार झाली. भागुजीही हसला. "बैलाला येसण आन् मला हिचा हात," म्हणाला. कल्याणीही तेव्हा हसली होती. पुढं मात्र तो घास आठवला की तिला हसू यायचं नाही.

कारण कल्याणी काही शेडमध्ये उभं राहायला शिकली नव्हती. तिनं औषधनिर्माणाची पदविका घेतली होती, सरकारी भरतीच्या परीक्षा दिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या नेमणुकीचं पत्र आलं. अण्णांची, म्हणजे भागुजीची, काहीतरी सोय लागेल, कुणीतरी हे काम शिकेल, मग जाऊ, असं म्हणता म्हणता मुदत टळून गेली. कुणी शिकलं नाही. ते पत्र तिनं पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं. आता दुसरं आलं होतं, कोकणातल्या एका आरोग्य केंद्राचं. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. भरती वर्षानुवर्षं निघत नाही, तिसरं पत्र येईल याचा भरवसा नव्हता.

अण्णांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि असली गोष्ट ओरडून कशी सांगतात ते तिला कळत नव्हतं. मी तुम्हाला सोडून चाललेय, हे हळू आवाजात बोलायचं असतं. तिनं आईला सांगितलं. द्रौपदा लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी त्यान्ला सांगायची न्हाई आन् तुला आडवायची बी न्हाई. तुझं तू बघ." कल्याणीनं दुसरं पत्रही पेटीत ठेवलं. या वेळी सगळ्यात वर.

त्याच आठवड्यात भागुजीच्या हातात जन्मात आलं नव्हतं असं काम होतं. निमगाव साव्याला नवीन विहार बांधून झाला होता आणि येत्या रविवारी त्याचं उद्घाटन होतं. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलांसाठी लाकडी फुलदाण्यांची जोडी हवी, आणि ती भागुजीच्याच हातची हवी, असं तिथल्या कमिटीतल्या रविंद्रनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. भागुजीनं शेडच्या कोपऱ्यातला शिसवाचा ओंडका बाहेर काढला. तडा जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना शेण लिंपून तो तीन पावसाळे सावलीत वाळवलेला. त्यातून दोनच फुलदाण्या निघत होत्या. जोडी म्हणजे एकाच झाडाची, नाहीतर तिला जोडी म्हणू नये, हाही दस्तगीरचाचांचाच नेम.

पहिली सोमवारी झाली. कल्याणीनं वेळेवर चापट मारली, भागुजीनं वेळेवर पटाशी बाहेर काढली. मग काचकागदानं घासून, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून, वर केवड्याचं पान दाबून त्यानं तिला अशी चकाकी आणली, की शेडचं दार तिच्या पोटावर वाकडं होऊन दिसायला लागलं. भागुजी ती उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. म्हातारा इतका खूष झालेला कल्याणीनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आज सांगावं, असं तिला वाटलं, आणि आज कसं सांगावं, असंही वाटलं.

मंगळवारी रविंद्र बघायला आला. "जय भीम, भाऊ," म्हणून त्यानं फुलदाणी उचलली, तर हात अंदाजापेक्षा वर गेला. "आयला. लई हलकी हाय की."

भागुजीला शब्द ऐकू आले नाहीत, पण वर गेलेला हात दिसला. तेवढं त्याला पुरलं.

मग रविंद्र त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "माळशेजच्या वाटंला हाटेल व्हतंय नवं. माझ्या वळखीचं हाय. आशा चाळीस पाहिजेत. दिवाळीपत्तूर."

"चाळीस?"

"चाळीस. जमंल ना?"

भागुजीनं कल्याणीकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हां म्हणून सांग. कलू हाय ना. ती हाय तवर माझं कान जाग्यावर हायेत."

दिवाळी पाच महिन्यांवर होती. कल्याणीनं झाडू घेतला आणि झाडलेली शेड पुन्हा झाडायला लागली.

बुधवारी सकाळी वीज आली तशी भागुजीनं दुसरी फुलदाणी लेथवर चढवली. बाहेरचा आकार आदल्या दिवशीच झाला होता, पहिलीशी केसाचाही फरक नव्हता. आता पोट कोरायचं. कल्याणी मागं उभी राहिली, खांद्यावर चार बोटं टेकवली. पटाशी आत गेली. घोगरा आवाज सुरू झाला. शिसवाचा काळपट भुसा मानेतून उडून भागुजीच्या बाह्यांवर, मिशांवर बसायला लागला.

ती आवाज ऐकत होती आणि मनात मोजत होती. चाळीस. त्यानंतर आणखी कुठलं तरी हॉटेल. त्यानंतर कुणाच्या तरी लग्नातला आहेर. अण्णांची तब्येत ठणठणीत होती, हात पोलादासारखे होते, ते अजून पंधरा वर्षं सहज कातत राहिले असते. पंधरा वर्षांनी ती चव्वेचाळीस वर्षांची झाली असती आणि इथंच, या चार फरशांवर, हात पुढं करून उभी असती. अण्णा गेल्यावर हाताचं काय करायचं, तेही तिला कळलं नसतं.

आवाज मोकळा झाला. मग बारीक झाला.

तिला ऐकू आलं. पुढं कधीही, स्वतःशीसुद्धा, तिनं ऐकू आलं नव्हतं असं म्हटलं नाही. अगदी स्वच्छ ऐकू आलं, हंडा गळ्याशी भरतो तसं. चार बोटं खांद्यावर होती, फक्त उचलून टेकवायची होती. तिनं ती उचलली नाहीत. फुटू दे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ते मनात येऊन संपायच्या आत फुलदाणी फुटली.

कडाड आवाज झाला, पट्टा सटकला, तुकडे पत्र्यावर आदळले. भागुजी स्टुलासकट मागं तिच्या अंगावर आला. त्याच्या भुवईवर कातडी उघडली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. बटण बंद करायला त्याचा हात चाचपडत होता. ते कल्याणीनंच बंद केलं. द्रौपदा धावत आली. रक्त बघून तिनं पदर दाबला, आणि कुणाला शिव्या द्यायच्या ते न कळून लेथला दिल्या.

दवाखान्यात चार टाके पडले. डोळा वाचला, नशीब, असं डॉक्टर तीनतीनदा म्हणाले. भागुजी बाकावर बसून राहिला होता, हातात शिसवाचा एक तुकडा. तो त्यानं कधी खिशात घातला होता कोण जाणे. तुकड्याची जाडी तो अंगठ्यानं चाचपत होता. कागदाएवढी झालेली कड होती ती.

"तू मारलीच आसशील चापट," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यानं, सगळा दवाखाना ऐकेल असा. "मलाच कळली न्हाई. कान गेलं ते गेलं, आता खांदा बी गेला माझा."

कल्याणीनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर तिथं, बाकावरच्या सगळ्या बायाबापड्यांसमोर, ओरडून सांगावं लागलं असतं. तिनं तोंड मिटलं. आपण काय केलं, ते तिला त्या क्षणी पुरतं कळलं. नुसती फुलदाणी फुटली असती तर तो पुन्हा बसला असता. तिनं त्याला त्याच्याच अंगाबद्दल खोटं पटवलं होतं.

गुरुवारी तो शेडकडं फिरकला नाही. शुक्रवारीही नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसायचा, समोर दिलं ते खायचा. द्रौपदा काही विचारायला समोर येऊन हात करायची तेव्हा मान हलवायचा. शनिवारी रविंद्र आला. एकच फुलदाणी उचलून त्यानं चादरीत गुंडाळली. "दुसऱ्या बाजूला पितळ्याची ठेवू, भाऊ. चालतंय," असं तो ओरडला. त्यानं चाळीसांचं विचारायच्या आतच भागुजीनं हात आडवा हलवला. रविंद्र गेला. भागुजी उठून बघायलाही आला नाही.

त्या दुपारी कल्याणी बॅग भरायला बसली. जायचं ठरवलं होतं असं नाही, पण आता न जाण्यासाठीही काही उरलं नव्हतं. पेटीतून पत्र काढलं, उघडलं, तर घडीतून भुसा सांडला. काळपट, जांभळट. शिसवाचा.

ती तो बोटानं गोळा करत बसली. बुधवारनंतर अण्णांनी लाकडाला हात लावलेला नव्हता. म्हणजे हे त्याच्या आधीचं.

"आई, तू त्यांना सांगितलंस?"

"मी न्हाई," द्रौपदा दारातून म्हणाली. "पर सोमवारी पेटी उघडून बसलं व्हतं, ग्यासचं पुस्तक हुडकीत. का गं?"

सोमवारी. म्हणजे रविंद्र यायच्या आदल्या दिवशी. म्हणजे मंगळवारी भागुजी तिच्याकडं एवढा वेळ बघून 'कलू हाय ना' म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. तारीख माहीत होती, गाव माहीत होतं, आणि तरी त्यानं चाळीस फुलदाण्यांना हो म्हटलं. तिला संताप यायला हवा होता. तिनं तो आणायचा प्रयत्नही केला, मोठ्या मनानं सोडून द्यावं इतकी काही ती साधी नव्हती. पण संताप धरून ठेवता येईना. जो बुडतो तो हाताला येईल ते धरतो. धरलेला हात तिचा होता, एवढंच. आणि तिनं तो सोडवून घेतला होता, न सांगता.

रविवारी सकाळी नवाला आळेफाट्याहून गाडी होती. द्रौपदानं दशम्या बांधून दिल्या, बॅगेच्या बंदाला उगीचच गाठ मारली, आणि डोळे पुसत म्हणाली, "शेडमदी हायेत. भेटून ये जा."

शेडचं दार उघडं होतं. लेथचा पट्टा काढून खुंटीला अडकवलेला. मोटारीवर पोतं टाकलेलं. भागुजी दाराकडं पाठ करून खाली बसला होता. पुढ्यात सगळ्या पटाश्या ओळीनं मांडलेल्या, आणि एकेकीला तेलाचं फडकं पुसून तो त्या जुन्या धोतरात गुंडाळत होता. गंज चढू नये म्हणून. पुन्हा काढायच्या असत्या तर इतक्या निगुतीनं कुणी गुंडाळत नाही. हातात वाकडी पटाशी होती, पोट कोरायची. फडकं तिच्या दांड्यापासून टोकाकडं चाललं होतं.

कल्याणी मागं जाऊन उभी राहिली. ऐकू न येणाऱ्या माणसाला मागून हाक कशी मारणार? घरात एकच पद्धत होती. तिनं त्याच्या डाव्या खांद्यावर चार बोटं टेकवली आणि एक चापट मारली.

फडक्याचा हात थांबला.

पटाशीच्या मधोमध, जिथं होता तिथं, घास थांबला होता तसा. खांदा तिच्या बोटांखाली ताठ झाला. काही गेला नव्हता तो खांदा. बुधवारीही गेलेला नव्हता, आणि बुधवारी चापट पडलीच नाही हे त्याला बुधवारीच, दवाखान्याच्या बाकावर, तो तुकडा चाचपताना ठाऊक होतं. ती त्या थांबलेल्या हाताकडं बघत राहिली. भागुजीही त्याच हाताकडं बघत होता, हात चुगली करून बसल्यासारखा.

मग त्यानं फडकं हळूहळू पुढं नेलं. टोकापर्यंत. पटाशी उलटी केली, दुसरी बाजू पुसली, धोतराच्या घडीत ठेवली, आणि मगच सहज वळल्यासारखा वळला. भुवईवरचे टाके काळे दिसत होते.

"आगं, तू कवा आलीस?" तो म्हणाला. "कळलंच न्हाई मला."

"अण्णा," ती म्हणाली. हळूच म्हणाली, ओरडली नाही. जे सांगायचं होतं ते सगळं ती तेवढ्याच आवाजात बोलली, आणि त्यातलं एक अक्षरही त्याला ऐकू गेलं नाही. तो तिच्या ओठांकडं बघत सगळं ऐकल्यासारखी मान हलवत होता, 'हां, हां' म्हणत होता, फोनवर म्हणायचा तसा. तिचं बोलून झालं तेव्हा त्यानं पुढची पटाशी उचलली.

"जा आता," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

काय म्हणत होतीस, असं त्यानं विचारलं नाही. कल्याणीनं पुन्हा चापट मारली नाही.